ठिपके येईपर्यंत

चातुर्मासात लग्नं होत नाहीत आणि फुलपाखरं होतात. माझ्या कामाचं सगळं गणित एवढंच आहे.

घाटंजीतला फोटो स्टुडिओ माझ्या सासऱ्यांचा. मुलगा म्हणजे आमचे हे तहसील कचेरीत चिकटले आणि त्यांना कॅमेऱ्याचं वावडं होतं. त्यामुळे स्टुडिओ सुनेकडे आला. सुरुवातीला लोकांना ते विचित्र वाटलं. मग लक्षात आलं की बाई फोटो काढत असली की नवरी अवघडत नाही, आणि नवरीची आई तर मुळीच नाही. आजूबाजूच्या खेड्यांतल्या कितीतरी मुलींच्या लग्नाचे फोटो मी काढले. त्यांच्यातल्या काहींच्या मुलींचेही काढले. पण आषाढी एकादशी झाली की कार्तिकापर्यंत मुहूर्त नाहीत. स्टुडिओत बसून पासपोर्ट फोटो काढायचे आणि कॅमेऱ्याला बुरशी लागू नये म्हणून डब्यात तांदूळ ठेवायचे, एवढंच काम उरायचं.

अशाच एका रिकाम्या श्रावणात मी नवी लेन्स तपासत होते. मेंदीचे हात, जोडवी, मंगळसूत्राच्या वाट्या जवळून टिपायला ती घेतली होती. दागिने हाताशी नव्हते म्हणून मागच्या अंगणातल्या रुईच्या झाडाकडे वळवली. पानावर एक अळी होती. पिवळे, काळे, पांढरे पट्टे अंगभर, जणू कुणीतरी बसून रंगवली होती. लेन्समधून तिचं तोंड दिसलं आणि ती पान खाताना दिसली. कडेपासून सुरू करून, अर्धगोल करत, अगदी पद्धतशीर. लग्नाच्या पंगतीत इतकं नीट जेवणारा माणूस मी पाहिलेला नव्हता. त्या दिवसापासून माझा चातुर्मास कधी रिकामा गेला नाही.

आमच्या गावाबाहेर बरड आहे. बरड म्हणजे मुरमाची उंचवट्याची जमीन. नांगर लागत नाही, म्हणून कुणी पेरत नाही. उन्हाळ्यात तिच्याकडे बघवत नाही. पावसाळ्यात मात्र गुडघाभर गवत येतं आणि गवताच्या बुडाशी फुलं येतात. केन्याची निळी, तरोट्याची पिवळी, कुर्डूचे गुलाबी तुरे, आणि विष्णुक्रांतेचं इतकं बारीक फूल की उभ्यानं दिसतच नाही. डोंगरावरच्या फुलांच्या पठारांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. आमच्या फुलांसाठी आडवं पडावं लागतं.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. इतक्या जवळून फोटो काढताना स्पष्ट येणारा भाग नखाच्या जाडीपेक्षाही कमी असतो. किड्याचा डोळा स्पष्ट आला तर पाय धूसर, पाय आले तर डोळा गेला. डोळा गेला की फोटो गेला. नवरीचंही तसंच असतं म्हणा. सकाळी दव असेपर्यंत किडे गारठलेले असतात, तेवढा वेळ ते बसून राहतात. ऊन चढलं की कुणी थांबत नाही. आणि खरा वैरी म्हणजे वारा. आपल्याला गालाला न कळणारी झुळूक लेन्समधून बघितली की पान झोक्यासारखं हलताना दिसतं.

या वैऱ्यावर उपाय ठरले ते आमचे हे. कचेरीतून निवृत्त झाल्यावर घरात त्यांना करमेना. मी त्यांना लग्नातली पांढरी छत्री दिली. ती वाऱ्याच्या बाजूनं धरायची. वाराही अडतो आणि ऊनही मऊ होतं. किड्यांची त्यांना किळस, त्यामुळे मान दुसरीकडे वळवून ते छत्री धरत. कुणी रस्त्यानं जाताना बघितलं तर एक बाई पालथी पडलेली आणि एक गृहस्थ तिच्यावर छत्री धरून आकाशाकडे बघत उभे, असं दृश्य. एकदा ते पाणी आणायला गेले असताना एका गुराख्यानं मला तशी पडलेली बघितली आणि बाईला पान लागलं म्हणून गावात धाव घेतली. आमच्याकडे साप चावला म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. माणसं बाज घेऊन आली तेव्हा मी एका नाकतोड्याच्या मिशा मोजत होते. बाज रिकामी न्यायची नसते म्हणून त्यांनी मला तिच्यावर बसवूनच गावात नेलं आणि चहा पाजून सोडलं.

पुढे मी किड्यावाली बाई झाले. लोक काड्यापेटीत किडे घेऊन यायचे. नेरच्या एका घरातून तर बोलावणंच आलं. वडिलांची तेरवी होती आणि त्यांच्या फोटोशेजारी भिंतीवर एक मोठा तपकिरी पतंग सकाळपासून बसला होता. पंखांवर दोन डोळे. मुलगा शिकलेला होता. म्हणाला की आमचं काही म्हणणं नाही, फक्त दोघं एका चौकटीत येतील असा फोटो काढा. मी पण काही विचारलं नाही. त्या दिवशी इतक्या काळजीनं चौकट लावली की वर्षानुवर्षं एवढी कुठल्या मंडपात लावली नसेल. पतंग शेवटपर्यंत हलला नाही. त्या घरातला तो माझा सर्वांत मानाचा फोटो आहे.

पण मला सांगायचंय ते निर्मलाचं.

निर्मलाच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते. तिच्या सासरचं शेत बरडाला लागूनच. बरड संपतं तिथे त्यांचा बांध, आणि बांधापलीकडे पराटी, म्हणजे कपाशी. घरात सासरे महादेवराव, नवरा गजानन आणि ती. महादेवराव जुने शेतकरी, बोलणं कमी, बैलांशी जास्त. गजानन हसरा, उंचापुरा. पण मागे एका हंगामात फवारणी करताना त्याला विषबाधा झाली. वाऱ्यानं औषध अंगावर आलं, तोंडाला नुसता रुमाल होता. यवतमाळच्या दवाखान्यात कितीतरी दिवस तो डोळे उघडत नव्हता. वाचला. पण तेव्हापासून त्याचा उजवा हात थरथरतो. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो. पुन्हा औषधाजवळ जायचं नाही, असं डॉक्टरनं बजावून सांगितलं होतं.

त्या वर्षी पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात मी बरडावर पडले होते. निर्मला बांध ओलांडून धावतच आली. पदर खोचलेला, हातात पराटीचं पान.

"ताई, हे पाहा. काटेवाली काळी अळी आली. मामाजी म्हनते आजच फवारा मारा लागते. मजूर कोनी भेटत नाही, तं हे म्हनते मीच मारतो."

पुढचं ऐकायची मला गरज नव्हती.

पानाच्या मागच्या बाजूला मावा होता, हिरवट बारीक किडे, एकाला एक चिकटून. त्यांच्यात काळी, नारिंगी ठिपक्यांची, अंगावर काटे असलेली एक अळी फिरत होती. दिसायला मोठी भयंकर. पण मी तिला ओळखत होते. आमच्या अंगणातल्या रुईवर दरवर्षी मावा पडतो आणि मागोमाग ही येते. ती पान खात नाही, मावा खाते. थोड्या दिवसांनी ती पानाला चिकटून गप्प होते आणि तिच्यातून ढालकिडा निघतो, तो लाल, काळ्या ठिपक्यांचा, मुलं तळहातावर घेऊन खेळतात तो. आमच्या भागात बोंडअळीनं एकदा असा फटका दिला की त्यानंतर पराटीवर काहीही वळवळताना दिसलं की माणूस आधी पंप उचलतो. ज्याला वाचवायचा त्यालाच आधी मारतो.

मी फोटो काढून कृषी सहायकाला पाठवला. तो दुसऱ्या गावाला गेला होता, पण उत्तर लगेच आलं. मित्रकीड आहे, फवारू नका. मला वाटलं, झालं काम. आम्ही शेतात गेलो. महादेवराव पंपाजवळच उभे होते. मी मोबाईल पुढे केला. त्यांनी तो हातातही घेतला नाही.

"त्याले मोबाईलातून माह्यं वावर दिसते काय? मांगं असंच थांबलो होतो, तं अळीनं उभी पराटी खाल्ली. तवा कोनी आलं नाही."

ते खरं बोलत होते. वर्षभराची मेहनत त्यांची होती, माझी नव्हती. आणि गजानन पंपाचा पट्टा खांद्यावर चढवत होता. हात थरथरत होता म्हणून बक्कल लागत नव्हतं. निर्मला ते बघत होती आणि मी निर्मलाकडे बघत होते.

आमच्या ह्यांनी मला बाजूला घेतलं. आयुष्यभर कचेरीत काढल्यामुळे त्यांचा एकच नियम, कुणाला शब्द द्यायचा नाही. शेत त्यांचं, पीक त्यांचं, उद्या काही झालं तर नाव तुझं, असं ते मला समजावत होते. त्यांचंही चुकत नव्हतं. मी म्हटलं की मी शब्द देत नाही, पण या पोराला आज पंप उचलू द्यायचा नाही, मग तुम्हाला काय करायचं ते करा.

मग त्यांनी जे केलं त्यामुळे मला त्यांच्या सरकारी नोकरीचा पहिल्यांदाच अभिमान वाटला. ते महादेवरावांकडे गेले आणि कचेरीतल्या आवाजात म्हणाले की आपण पाहणी करू. चार झाडांना खूण बांधायची, दोघांनी रोज एकत्र बघायचं, मावा वाढला तर फवारा, कमी झाला तर नाही. औषध काय, आज मारलं काय आणि पोळ्यानंतर मारलं काय, दुकान कुठे पळून जातंय. महादेवरावांनी थोडा विचार केला. पोळ्याला कुणी शेतात काम करतच नाही. त्यांनी गजाननच्या खांद्यावरचा पंप स्वतः उतरवला आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत थांबतो म्हणाले.

माझ्या बॅगेत वरमाळेच्या वेळी लागणारी लाल रिबीन होती. ती आम्ही चार पराट्यांना बांधली.

त्यानंतर रोज सकाळी आम्ही तिथे. महादेवराव एका बाजूनं पान उलटायचे, मी दुसऱ्या बाजूनं फोटो काढायचे, छत्री मध्ये. मला वाटलं होतं की अळी मावा खाताना दिसली की प्रश्न मिटेल. दिसली. फोटोही आला, मावा तिच्या तोंडात अर्धा. महादेवरावांनी तो बघून मान हलवली आणि म्हणाले, एकानं काय होते. माणूस अनुभवानं शहाणा झालेला असला की त्याला पटवणं अवघड असतं, आणि त्यांच्या अनुभवाला मी खोटं कसं म्हणणार.

मग अळ्या एकेक करून पानाला चिकटल्या आणि हलायच्या थांबल्या. झालं, महादेवराव म्हणाले, आता अंडी घालतील. मी नाही म्हणत होते, पण माझाही धीर सुटत चालला होता. रुईवर पाहिलं म्हणजे पराटीवर तसंच होईल असं कुठे लिहिलंय? मावा कमी दिसत होता, पण पावसाची एक सर येऊन गेली होती, त्यानंही गेला असेल. माझं नाव गेलं तरी चालेल, पण पीक गेलं तर निर्मलाला त्या घरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हे मला दिसत होतं. तीच मला बोलवायला आली होती. आणि पोळ्यानंतर पंप कोण उचलणार हेही ठरलेलं होतं.

पोळ्याच्या दिवशी सकाळी महादेवराव बैल धुवायला नाल्यावर निघाले होते. जाताना शेतात डोकावले. मी एका कोषाकडे बघत होते. त्याची पाठ चिरली होती.

आतून काहीतरी पिवळं, ओलं बाहेर येत होतं. आणि नेमका त्याच वेळी वारा सुटला. पान वर, पान खाली. छत्री उलटी व्हायला लागली. मला त्याचा डोळा सापडत नव्हता. कुणीतरी देठ धरा, मी म्हटलं. महादेवरावांच्या हातात दोन्ही कासरे. बांधावर बसलेला गजानन उठून आला, खाली बसला आणि त्यानं उजव्या हाताच्या दोन बोटांनी पानाचा देठ धरला.

पान आणखीच हलायला लागलं. आधी वाऱ्यानं हलत होतं, आता त्याच्या हातानं. त्याला ते कळलं. तो हात मागे घ्यायला लागला.

निर्मला त्याच्या शेजारी बसली. सासऱ्यांपुढे ती नवऱ्याशी बोलायचीही नाही, पदर कधी डोक्यावरून खाली यायचा नाही. तिनं आपला तळवा त्याच्या हाताखाली ठेवला आणि वरून आपली बोटं त्याच्या बोटांवर ठेवली. महादेवरावांनी मान वळवली आणि ते बैलांची वेसण नीट करायला लागले, नीटच असताना.

पान थांबलं. मी श्वास रोखला आणि बटण दाबत राहिले.

बाहेर आलेला किडा पिवळा होता. नुसता पिवळा, एकही ठिपका नाही. महादेवरावांनी वाकून बघितलं. ढालकिडा तर लाल असतो, हा कोण, असं त्यांनी विचारलं. मी थांबा म्हटलं. बैल धुवायचे होते, झूल घालायची होती, शिंगं रंगवायची होती. ते गेले. आम्ही थांबलो. ऊन वर येत गेलं तसा तो पिवळा पंख वाळत गेला आणि त्याच्यावर आधी सावली पडावी तसे फिकट डाग दिसले. मग ते गडद होत गेले. खालचा रंग नारिंगी झाला, मग लाल. मी प्रत्येक टप्प्याचा फोटो काढला. माझ्या सगळ्या आयुष्यात कुठली नवरी सजताना मी एवढी गुंगून गेले नव्हते.

महादेवराव सजवलेले बैल घेऊन परत आले तेव्हा पानावर ढालकिडा बसला होता, ठिपक्यांसकट. मी त्यांना कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो एकामागून एक दाखवले. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून दाखवायला सांगितले. मग त्यांनी स्वतः रिबीन बांधलेल्या पराट्यांची पानं उलटली. मग न बांधलेल्या पराट्यांची. बऱ्याच ओळी फिरून आले. जिथे जिथे कोष होते तिथे मावा नव्हता.

"म्हंजे आपन आपल्याच मानसाले माराले निंगालो होतो," ते म्हणाले. किड्याकडे बघत म्हणाले, पण लगेच वर बघून गजाननला म्हणाले, "जा, आंघोळ करून घे. आज बैल तू घेऊन चाल."

संध्याकाळी गावाच्या आखरावर, म्हणजे गुरं जमतात त्या मोकळ्या जागी, तोरणाखाली बैल उभे राहिले. गजानन कासरा धरून उभा होता, डाव्या हातात. आमच्याकडे पोळ्याला झडत्या म्हणतात, एकमेकांची खेचणारी जुळवलेली पदं, आणि त्यातून कुणी सुटत नाही. त्या वर्षी एका टवाळानं आमच्या दोघांवर झडती म्हटली:

"बाई पडली बरडात, साहेबानं धरली छत्री,
किडा म्हने किडीले, आता लग्नाची झाली खात्री."

सगळं गाव हसलं. आमचे हे लाजले. मला वाटतं, त्यांना ती निवृत्तीच्या दिवशीच्या भाषणांपेक्षा जास्त आवडली, कारण घरी येईपर्यंत ते ती पुटपुटत होते.

पुढे सगळं गोड झालं असं सांगून मी फसवणार नाही. मावा त्या वेळी गेला, पण हंगामाच्या शेवटी बोंडअळी आलीच आणि एक फवारणी करावी लागली. ती मजुरानं केली, हातमोजे आणि मुखपट्टी लावून, वारा पडलेला असताना. महादेवराव स्वतः बांधावर उभे होते, वाऱ्याची दिशा बघत. गजाननला त्यांनी त्या दिवशी आमच्याकडे घाटंजीला पाठवून दिलं होतं, काही काम नसताना.

आता लग्नाची कामं माझ्याकडे फारशी येत नाहीत. ड्रोन उडवणारी मुलं आली आहेत आणि ती छान काम करतात. बरडाचाही एक कोपरा मुरमासाठी खणून नेला. तिथे आता पावसाळ्यात पाणी साचतं, विष्णुक्रांता येत नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. पण उरलेल्या बरडावर श्रावणात मी अजून पालथी पडते आणि छत्रीही असते. मी या कामाची मनापासून आभारी आहे. मंडपात माणसं मला चांगली दिसावीत म्हणून उभी राहायची. बरडावर माझ्यासाठी कुणी उभं राहिलं नाही, आणि तिथे मी बघायला शिकले. नवऱ्यासोबत रोज सकाळी एकाच गोष्टीकडे बघायला मिळालं, तेही किड्यांमुळेच. म्हणजे मी बघत होते, ते आकाशाकडे.

ढालकिड्याचा तो पहिला फोटो, पिवळा असतानाचा, मी मोठा करून स्टुडिओत लावला आहे, नवरा-नवरींच्या फोटोंमध्ये. खालच्या कडेला चार बोटं येतात. फोटोतलं कळणारे लोक सांगतात की ती बोटं कापा, नजर किड्यावर राहील. मी कापली नाहीत.

गेल्या दिवाळीच्या सुमारास गजानन आणि निर्मला काही कागदांसाठी फोटो काढायला आले होते. निर्मला आत आरशापुढे केस नीट करत होती. गजानन त्या फोटोसमोर उभा राहिला. मला वाटलं, किडा बघतोय. मग हलक्या आवाजात म्हणाला,

"ताई, ह्या फोटोत माहा हात हालून नाही राह्यला."

मी उठून जवळ गेले. हा फोटो मी शेकडो वेळा बघितला होता, पण दर वेळी किड्याचा डोळाच बघितला होता. आता बोटं बघितली. वरची तिची, खालची त्याची. त्याच्या बोटावरची बारीक रेघ न् रेघ स्पष्ट होती, नखाजवळची माती सुद्धा.

"हलला असता तर फोटोत दिसलं असतं," मी त्याला म्हटलं. "नव्हता हलत."